साक्षीदार क्रमांक एक

यशवंत,

तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले आणि एवढ्यात तुझे शेवटचे शब्द बरेच सुधारले आहेत.

खरे शब्द फक्त मला ठाऊक आहेत. वॉर्डमधल्या बाईंनी तुझ्यापुढे लाल जेलीची वाटी ठेवली होती. तू ती माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालास, "ही तू खा." मी खाल्ली. मग तुझा डोळा लागला आणि पार्किंगची वेळ संपत आली म्हणून मी निघालो. इतकंच. पण अंत्यविधीच्या दिवशी ब्रिस्टलहून आलेल्या मंडळींना मी सांगितलं की तू शेवटी खिडकीकडे पाहत होतास. इल्फर्डच्या तुझ्या मावसभावाला फोनवर सांगितलं की तू खिडकीकडे पाहत विचारलंस, "वारा कुठून आहे बे?" आणि काल बेलग्रेव्ह रोडवर मिठाईच्या दुकानात एक ओळखीचे भेटले, त्यांना सांगेपर्यंत तू वाऱ्याची दिशा स्वतःच ओळखली होतीस. "नैर्ऋत्य," म्हणालास आणि डोळे मिटलेस. काउंटरवरची मुलगी बर्फी तोलायची थांबली.

मला क्षणभर फार छान वाटलं. मग गाडीत येऊन बसलो तर किल्ली फिरवायचंही त्राण नव्हतं.

मी दमलोय रे. लोक दुःखाने दमतात, मी स्वतःच्या आवाजाने दमलोय. तू समोर असतास तर कधीच पेनाला टोपण लावलं असतंस. तुझी तेवढीच टीका असायची. मी बोलत असायचो, तू लिहून घेत असायचास, आणि माझी गाडी रस्ता सोडून रानात शिरली की टिक. टोपण बंद. तोंडाने काही म्हणायचा नाहीस.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी हे मागितलंय, तेव्हा तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगतो. सहन कर, तशी तुला सवय आहे.

तू नागपूरचा, पॅथॉलॉजिस्ट. आठवडाभर लेस्टरच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचास. मी दातांचा डॉक्टर. म्हणजे ज्यांच्या तोंडात माझे दोन्ही हात आहेत अशा, मधे बोलू न शकणाऱ्या श्रोत्यांना रोज गोष्टी सांगणारा माणूस. आपली ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. आदल्या वर्षी वाऱ्याने आमचा मांडव कसा उचलला, खजिनदार मांडवाचा दोर धरून कसे हवेत लोंबकळले, हे मी साभिनय सांगत होतो. सगळे हसून झाल्यावर कोपऱ्यातून तू विचारलंस, "मांडव कोणत्या दिशेला पडला?"

"आं? पडला. दिशा कोण बघतो?"

"आणि खांब? सगळे एकाच बाजूला आडवे झाले, की वेगवेगळे?"

मला वाटलं हा माणूस इन्शुरन्सचा आहे. मग कळलं की वादळांच्या नोंदी ठेवणारी हौशी लोकांची एक मंडळी देशभर पसरलेली आहे. कुणी पोस्टमन, कुणी शेतकरी, कुणी रिटायर्ड हेडमास्तर. टॉर्नेडो दिसला की हे लोक फॉर्म भरून पाठवायचे आणि आपल्या भागातून आलेला प्रत्येक फॉर्म तपासायचं काम तुझ्याकडे होतं. इंग्लंडात टॉर्नेडो होतात म्हटलं की आपली माणसं हसतात. होतात. लहानखुरे असतात, गावाच्या कडेने येऊन एखादं ग्रीनहाउस फोडून चार मिनिटांत निघून जातात. पाहणारे दोघे-तिघे, त्यातल्या एकाचा चष्मा घरी राहिलेला. त्यावरून तू ठरवायचास: डेफिनिट, प्रॉबेबल, की नॉट प्रूव्हन.

पुढच्याच रविवारी टेपचं दुसरं टोक धरायला तू मला घेऊन गेलास. पडलेल्या प्रत्येक झाडाजवळ उभा राहून होकायंत्र लावायचास आणि नकाशावर एक छोटा बाण काढायचास. सगळे बाण एकीकडे निघाले तर साधा सोसाट्याचा वारा. बाण एकमेकांच्या अंगावर धावून जाताना दिसले की तू खोकायचास. तुझ्या आनंदाचं ते एकमेव प्रदर्शन होतं.

आणि तुझे नियम. साक्षीदाराने स्वतः उच्चारल्याशिवाय आपण टॉर्नेडो हा शब्द काढायचा नाही. प्रश्न संपेपर्यंत चहा घ्यायचा नाही, कारण चहा पाजल्यावर माणूस आपल्याला आवडेल ते सांगतो. एकाचा जबाब दुसऱ्याला वाचायला द्यायचा नाही, कधीच नाही. आणि माझ्यासाठी खास चौथा: "मोहन, तू हात खिशात ठेवायचे."

"हातांनी काय केलं तुझं?"

"तू हात हलवलास की समोरचा तसाच हलवतो. मला त्याचा हात पाहायचाय."

"अरे, मी काय संमोहन करतो काय लोकांना?"

"आमच्या बुद्धानं ऐकीव गोष्टींपासून सावध राहायला सांगितलंय," तू म्हणालास. "अन् तू तर चालतीबोलती ऐकीव गोष्ट आहेस."

मिसेस हॅलम आठवतात? त्यांचं नाव बदललंय, तू रागावू नकोस. दोरीवर वाळत घातलेलं रजईचं कव्हर वाऱ्याच्या उलट दिशेने उडून चॅपलच्या आवारात गेलं असं त्यांनी लिहिलं होतं. दारातच त्यांचे यजमान हसले. "शी ड्रेम्प्ट इट, डॉक." मीही हसणार होतो. शेजारी शेतात कापणीनंतरची धाटं जाळलेली होती, त्या आगीवरही हवा गरगर फिरते, तेच बाईंनी पाहिलं असेल असं मी तुझ्या कानात सांगितलं. तू बूट घातलेस आणि कुंपणाच्या कडेकडेने चालत सुटलास. मी मागून टेप घेऊन, चिखलात, माझ्या नव्या बुटांनी. चार तासांत तू कपडे वाळत घालायचे नऊ चिमटे शोधलेस. नऊही चॅपलच्या वाटेवर, वाऱ्याच्या उलट. आगीचा फुफाटा चिमटे वेचून तिकडे नेत नाही, म्हणालास. मग त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून "डेफिनिट" म्हणून सही केलीस. बाई यजमानांकडे न पाहता म्हणाल्या, "मी आता चहा ठेवते." यजमान बागेत निघून गेले.

त्या दिवशी मला कळलं की तू वादळं तपासत नाहीस. माणसाच्या शब्दाला वजन किती ते पाहतोस. आणि माझ्याही शब्दाला कधीतरी ते वजन मिळावं असं मला वाटायला लागलं. हसू नकोस. ज्याच्या गोष्टींना सगळे हसतात त्यालाही एकदा वाटतं की कुणीतरी न हसता लिहून घ्यावं.

मग मला टॉर्नेडो दिसला.

गावाचं नाव लिहीत नाही. तू असतास तर नकाशावरचा ग्रिड रेफरन्स दिला असतास. दर गुरुवारी त्या गावाच्या हॉलमध्ये माझी दाताची खुर्ची लागायची. काम संपवून परत निघालो होतो, पाऊस होता, दोन शेतांपलीकडे तो उभा होता. ढगापासून जमिनीपर्यंत.

नियम मला पाठ होते. पहिल्या फोनबॉक्सवरून तुला फोन करायचा, दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. फोनबॉक्स पबच्या दाराशी होता. मी पबमध्ये शिरलो.

काय सांगू तुला, तसं थिएटर मला पुन्हा मिळालं नाही. भिजलेला मी, हातात ब्रँडी, आणि तीस माणसं गप्प. मी डावा हात वर केला, करंगळी वाकवली आणि मनगट हळूहळू फिरवत खाली आणलं. म्हणालो, हत्तीची सोंड, केळं चाचपणारी. मी गाडीतून उतरलो, रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, आणि ती सोंड माझ्या समोरून गेली आणि शेवटी साडीच्या निऱ्या उचलाव्यात तशी अलगद वर गेली. निऱ्या त्यांना कळल्या नाहीत, हत्ती कळला. शुक्रवारी एका बाईंची दाढ तपासायच्या निमित्ताने परत गेलो आणि पोस्टाच्या दुकानात दुसरा प्रयोग झाला. शनिवारी चर्चच्या चहाला व्हिकारने बोलावून तिसरा करायला लावला. तुला फोन केला शनिवारी संध्याकाळी.

रविवारी तू आलास तेव्हा शेतकऱ्याने पडलेली झाडं कापून सरपण रचून ठेवलं होतं आणि उडालेले पत्रे गोळा करून कोठारावर परत ठोकले होते. बाण काढायला एकही झाड नाही. राहिले साक्षीदार. तू मला गाडीत बसवून ठेवलंस आणि सात घरं एकटा फिरलास. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा स्लाइड फुटल्यासारखा.

"सातही जणांनी पाहिला," तू म्हणालास.

"मग? सांगत नव्हतो मी?"

"सातही जणांनी डावा हात वर केला. करंगळी वाकवली." तू करून दाखवलंस. तुझा हात वाईट नट होता, पण नक्कल माझीच होती हे कुणालाही कळलं असतं. "सात इंग्रज, मोहन. सातांनाही हत्तीची सोंड आठवली. एक बाई केळं म्हणाली."

"म्हणजे त्यांनी पाहिलंच नाही?"

"कुणी पाहिलं, कुणी तुला पाहिलं, आता वेगळं काढता येत नाही. तू पुरावा खाऊन टाकलास बे."

नॉट प्रूव्हन. तू मला घरी सोडलंस. दारात मी विचारलं, "ते जाऊ दे. तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?"

"तुझा जबाब मी घेतलेला नाही अजून," तू म्हणालास. "चार ओळींत सांग. उपमा नको. मग लिहून घेतो."

त्या चार ओळी दहा वर्षं राहिल्या. आपण किती वेळा बसलो? तुझ्या घरी, माझ्या घरी, सर्व्हिस स्टेशनवर गार चिप्स खात. तू फॉर्म काढायचास, टोपण उघडायचास. मी सुरुवात चांगली करायचो. दुसऱ्या ओळीला हात वर जायचा. टिक. आणि दर वेळी, टोपण लावल्यावर, तू तोच एक प्रश्न विचारायचास: "वायपर चालू होते का?"

पहिल्यांदा मी हो म्हणालो. पुढच्या वेळी नाही. तिसऱ्यांदा चिडून म्हणालो, "अरे, मी रस्त्यात उभा होतो, वायपरचा काय संबंध?" तू मान हलवलीस आणि फॉर्म बॅगेत ठेवलास. एकदा मंडळाच्या पिकनिकला मी सगळ्यांसमोर तुझी नक्कल केली: एक माणूस बुडतोय, तू काठावर होकायंत्र घेऊन विचारतोस, कोणत्या दिशेला बुडताय? रत्नावहिनीसुद्धा हसल्या. तू हसलास आणि मग विचारलंस, "वायपर?" मी त्या दिवशी तुझ्याशी फार वाईट बोललो. तुला माणसं मेल्यावरच खरी वाटतात, असं काहीतरी. पॅथॉलॉजिस्टला म्हणू नये असं. तू पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवलास. मी टेप घेऊन बसलो. त्याची माफी मागायची राहिली.

मग कॅमकॉर्डर आले आणि लोक फॉर्मऐवजी व्हिडिओ कॅसेट पाठवायला लागले. तू टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसून चित्र थांबवून थांबवून पाहायचास. आता माझ्यासारख्यांची गरज संपली म्हणून मी चिडवलं, तर म्हणालास, "कॅमेऱ्यालाही विचारावं लागतं, तू कुठे उभा होतास." गेल्या हिवाळ्यात तू स्वतःचीच स्लाइड पाहिलीस, म्हणजे दुसऱ्याने पाहिलेली मागवून घेतलीस. आजाराचं निदान मला फोनवर चार ओळींत सांगितलंस. मी मोजल्या होत्या.

वॉर्डमध्ये मी रोज येत होतो. त्या जेलीच्या दिवशी ठरवून आलो होतो की आज सांगायचं. खरं. कागदही खिशात होता. पण तू थकलेला होतास आणि मी तुला हसवायला गेलो. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांच्या कवळीची गोष्ट सांगितली. तू हसलास, ठसका लागला, नर्स येऊन मला रागावली. मग जेली आली.

परवा वहिनींनी बोलावलं. त्यांनी तुझ्या फाइलींची खोकी टेबलावर काढून ठेवली होती.

"मोहनभाऊजी, लिंकनचे ते पोस्टमन येणारेत सगळं न्यायला. पुढचं काम आता ते बघणार. तुमची एक फाइल आहे त्यात. आधी तुम्ही बघा."

"त्यात काय बघायचंय, वहिनी? नॉट प्रूव्हन."

"मला नाही कळत त्यातलं. पण ती खोक्यात नव्हती. त्यांच्या टेबलावर असायची." आणि त्या भांडी लावायला आत गेल्या.

वर एक कोरा फॉर्म होता. साक्षीदार क्रमांक एक, माझं नाव, तुझं ते मुंगीसारखं अक्षर. खाली काही नाही. त्याच्या मागे सात जबाब. मी वाचायला नको होते. तुझा तिसरा नियम. पण मला वाटलं, आता कोण अडवणार? समासात लाल पेनाने जागोजागी लिहिलेलं: "हात मोहनचा." "शब्द मोहनचा." "केळं: मोहन." एकेक ओळ तू चाळणीतून काढली होतीस. सहा कागद संपेपर्यंत माझं सोडून काहीच उरलं नव्हतं.

मधला एक मागे ठेवला होतास, क्रमांक पाच. पबच्या कोपऱ्यात बसणारा म्हातारा, दात कधीच काढून टाकलेला, त्यामुळे माझ्या खुर्चीवर कधी न आलेला. त्यानेही हात केला होता, सोंड म्हणाला होता. पण शेवटी एक वाक्य होतं, की त्या वेळी त्याच्या कानांत दडे बसले, विमान उतरताना बसतात तसे. त्याखाली तू दोन रेघा मारल्या होत्यास. समासात: "हे मोहनचं नाही." आणि खाली, वेगळ्या शाईने, बहुधा बऱ्याच वर्षांनी: "मोहनला विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तर प्रॉबेबल."

यशवंत, माझ्याही कानांत दडे बसले होते.

दहा वर्षांत, तीन प्रयोगांत आणि नंतरच्या शेकडो पार्ट्यांत मी ते एकदाही सांगितलं नाही. कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. दडे बसल्याचा अभिनय काय करणार? निऱ्या होत्या, हत्ती होता, रस्त्यात उभा मी होतो. आणि रस्त्यात मी उभा नव्हतोच. तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना, म्हणून तर वायपरचं विचारायचास? तरी तू फॉर्म टेबलावर ठेवलास. दहा वर्षं वाट पाहिलीस की हा गडी कधीतरी कंटाळवाणं बोलेल.

वहिनींच्या स्वयंपाकघरातून ताटांचा आवाज येत होता. तुझं पेन तिथेच होतं. मला एक गोष्ट लगेच दिसली, मी काही तुझ्याबरोबर उगाच फिरलो नाही. मी हे कागद पाहिलेत हे कुणालाच कळणार नव्हतं. वहिनी सांगणार नव्हत्या. लिंकनच्या पोस्टमनने माझा कानांचा जबाब म्हाताऱ्याच्या जबाबाशेजारी ठेवला असता, तुझी टीप वाचली असती आणि प्रॉबेबलवर खूण केली असती. माझी आयुष्यातली एकमेव खरी गोष्ट खरी ठरली असती. तुझ्याच हस्ताक्षराच्या आधाराने.

मी टोपण उघडलं. उजव्या हाताने लिहायला लागलो. डावा खिशात ठेवला.

"गाडीत बसून पश्चिमेला, दोन शेतांपलीकडे, ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचलेला काळा, फिरता खांब मी पाहिला, दहा अंक मोजून होतील इतकाच वेळ.

"मग मी घाबरून इंजिन बंद केलं, वायपर बंद झाले, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून डोळे मिटले, पुढचं काही मी पाहिलेलं नाही.

"डोळे मिटलेले असताना माझ्या कानांत दडे बसले.

"वरची ओळ मी साक्षीदार क्रमांक पाचचा जबाब वाचल्यानंतर लिहिली आहे."

चार झाल्या, यशवंत. टोपण मीच लावलं.